मोंबासाहून आलेला डाग

मोंबासाहून डाग आला की पहाटेच
जेमेली सुरीने त्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापते.
फट्‌कन आवाज होतो, आणि एल्डोरेटच्या त्या गल्लीत
साठ-सत्तर बूट अंग मोकळं करतात,
नाड्या एकमेकींत अशा अडकलेल्या
की कुणाची जोडी कुणाबरोबर, कळू नये.

आधी नाडी सोड, ती नव्या पोरीला सांगते.
मग आतला तळवा ओढून काढ.
वास आला म्हणून नाक मुरडू नकोस, चेरुतो,
वास म्हणजे कुणीतरी पळालं होतं.
बिनवासाचे बूट वाईट.
ते कपाटात बसून म्हातारे झालेले,
दाबलं की टाचेचा भुगा.

ओल्या चिखलाशी भांडायचं नाही.
वाळू दे त्याला, आपण होऊन सोडेल.
गरम पाणी नको, डिंक सुटतो.
तेलाच्या डागावर चिमूटभर मक्याचं पीठ,
गवताच्या हिरव्याला व्हिनेगर,
जाळीला दातांचा जुना ब्रश, तोही हलक्या हातानं,
मुलाचं तोंड पुसतो तसा.

खाचेत पांढरी वाळू सापडते कधी.
ही समुद्राची, जेमेली म्हणते,
आणि बोटावर घेऊन जरा वेळ बघते.
तिनं समुद्र पाहिलेला नाही.

आणि हे काळं? अंगठ्यापाशी, आतून?

रक्त. थंड पाण्यात मीठ घालून भिजव.
गरम पाण्यात ते तिथंच घर करतं.

चेरुतो मान खाली घालते. तिला दिसतात
प्लास्टिकच्या चपलेतले जेमेलीचे पाय,
उजव्या अंगठ्याला नख नाही.
नकुरूच्या शर्यतीत ती पाचवी आली होती.
पहिल्या चौघींना ट्रॅकसूट,
पाचवीला साबणाची वडी.
लोक सांगतात, ती वडी तिनं अजून जपून ठेवलीय.
लोकांचं काय.
तिसऱ्या दिवशी तिनं त्या साबणानं
भावाचा गणवेश धुतला होता.

दुपारी पत्र्याच्या सावलीत बुटांची रांग,
प्रत्येकाच्या पोटात वर्तमानपत्राचा बोळा.
मंत्र्यांचे चुरगळलेले चेहरे
टाचेपर्यंतचं पाणी शोषून घेत बसतात.
एवढं एक काम ते मन लावून करतात.

एका जोडीचा डाग मात्र गेला नाही.
डाव्या टाचेवर, निळा, बोटाएवढा.
शाई असेल, रंग असेल,
कुण्या पोरानं बापाचा बूट रंगवला असेल.
सोडा हरला, लिंबू हरलं.
पन्नास शिलिंग कमी करून
किबिएगोनं तो जोड घेतला.
जाईल का हो हे?
आठ दिवस पळ, जेमेली म्हणाली, मग सांग.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा
पांढरं काही उरलंच नव्हतं.
जाळी, नाडी, शिवण, जीभ,
सगळीकडे इथली तांबडी माती,
आणि निळा कुठे होता, त्यालाही सांगता येईना.
धुवून द्या, म्हणाला, रविवारी शर्यत आहे.

धुतले तर निळा परत वर येईल.

तो विचारात पडला.
इतक्या पहाटे त्याच्याबरोबर
दुसरं कोण होतं त्या चढावर?

येऊ दे, म्हणाला.

चेरुतोनं घासायला घेतलं.
सहाव्यांदा पाणी बदललं तरी बादली लालच.
सातव्यांदा टाचेवर तो हळूच उगवला,
जिथला तिथे, बोटाएवढा,
आणि किबिएगो हसला,
गर्दीत कुणी ओळखीचं दिसावं तसा.

बघत काय बसलीस, जेमेली ओरडली.
कागद भर.
आणि उन्हात ठेवू नकोस.